सवयीचे दोन दिवे

३ एप्रिल, अमरावती

सुट्टीवर आले आहे असं सगळ्यांना सांगितलंय. 'सक्तीच्या' हा शब्द गाळला. गेटवर बिल्ला काढून घेतला नाही, तेवढी इज्जत राखली. फक्त अणुवीज केंद्राच्या कंट्रोल रूमचं दार आता त्या बिल्ल्याने उघडत नाही.

सासूबाई दारातच उभ्या. "काहून वं, मधीच कशी काय आली? अन् ब्याग इतली मोठी?" साठलेली रजा होती, म्हटलं. त्यांनी बॅगकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पन्हं करायला आत गेल्या. सुनीलला फोनवर सगळं सांगितलेलं. तरी बडनेरा स्टेशनवरून घरी येईपर्यंत तो त्याच्या पॉलिटेक्निकच्या परीक्षांबद्दलच बोलत राहिला. माझा नवरा समजूतदार आहे की टाळतो, हे इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. सई झोपलेली होती. दहावीची परीक्षा झाल्यापासून ती झोपलेलीच आहे म्हणे.

४ एप्रिल

एकदा नीट लिहून काढते. नाहीतर रोज डोक्यात थोडं थोडं बदलत जाईल आणि मग मलाच खरं काय ते कळणार नाही.

ग्रिडमध्ये झटका, रिऍक्टर ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. होतं असं, विशेष काही नाही. ट्रिप झाला की बंद करणाऱ्या सळ्या वरून आत पडतात. सळी तळाला टेकली की पॅनलवर तिचा दिवा लागतो. सगळे लागले, तीन लागले नाहीत. दोनपेक्षा जास्त सळ्यांची खात्री नसेल तर दुसरी पद्धत: रिऍक्टरमधल्या जड पाण्यात पॉयझन, म्हणजे अणुक्रिया मारणारं रसायन, सोडायचं. त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मुद्दामच ठेवलेली नाही. फक्त मोठ्याने म्हणायचं आणि पलीकडच्याने तेच शब्द परत म्हणायचे, ही आमची रीत.

मी म्हटलं, "तीन दिवे नाहीत. पॉयझन सोडते."

पाठक सर, माझ्या पाळीचे प्रमुख, मागेच उभे होते. माझे शब्द परत म्हणायच्या ऐवजी म्हणाले, "थांब, त्यातले दोन सवयीचे आहेत."

मी सोडलं.

सवयीचे म्हणजे, ते दोन दिवे बरेच दिवस कधी लागतात, कधी नाही. सळी आत, दिवा बंद. दुरुस्ती पुढच्या मोठ्या बंदच्या वेळी करू, असं चाललेलं. तोवर पाळी बदलताना तोंडी सांगायचं, "ते दोन आळशी आहेत हं." मला सांगितलेलं. मीही पुढच्याला सांगत आले.

नंतर कळलं, तिन्ही सळ्या व्यवस्थित पडल्या होत्या. तिसरा दिवाही खोटाच. पॉयझन काढायला सगळं पाणी गाळत बसावं लागलं, रिऍक्टर पाहिजे त्यापेक्षा जास्त बंद राहिला, वरून फोन आले. आणि चौकशी समितीचा पहिला कागद आला, त्यात माझ्या नावापुढे 'घाई'. आता मी घरी.

७ एप्रिल

शेजारच्या काकू कढीपत्ता मागायला आल्या. कढीपत्ता त्यांच्याही अंगणात आहे.

"तुमच्या तिकडं गळतीगिळती झाली का वं? नाई, टीवीवर काई आलं नाई म्हून इचारलं."

काहीच झालं नाही काकू, म्हटलं. खरंच होतं ते. आमच्या कामात काही न होणं हीच कमाई. आणि मला घरी बसवलंय तेही काही झालं नाही म्हणूनच. सळ्या खरोखर अडकल्या असत्या तर आज माझा सत्कार चालला असता. हे काकूंना कसं सांगू? कढीपत्ता दिला.

९ एप्रिल

पाठक सरांचा फोन. आवाज नेहमीसारखा, पुण्याचा, धुतलेला.

"वैशाली, समितीसमोर एकच म्हण. घाई झाली. दोन शब्द आहेत. काही महिने पुन्हा ट्रेनिंग, मग परत पॅनलवर. मी बोललोय वर."

"आणि नाही म्हटलं तर?"

"मग लायसन्स जाईल. कुठेतरी कार्यालयात फायली चाळत बसशील. तुला जमणार आहे का ते?"

नाही जमणार. त्यांना माहीत आहे.

विचारलं, "सर, तीन दिवे बंद होते की नव्हते?"

"होते गं. पण दोन तर आपलेच होते."

आपलेच! दिवे आहेत की मामेभाऊ?

रागापेक्षा जास्त काहीतरी आलं. कारण हे मला त्यांनीच शिकवलंय. ट्रेनी होते तेव्हा आणीबाणीची अख्खी पद्धत पाठ करून घेतली. इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवली तर म्हणाले, "पोपटपंची नको. तुझ्या घरच्या भाषेत सांग." मी भीत भीत म्हटलं, "काहून झालं ते मंग पाहू, पयले बंद कर." ते इतके हसले की चहा सांडला. नंतर प्रत्येक नव्या बॅचला माझंच वाक्य वऱ्हाडीत ऐकवायचे, चुकीच्या उच्चारात. त्या माणसाने मला 'थांब' म्हटलं.

१२ एप्रिल

बाबांचा अकोल्याहून फोन. जयंतीला विहारात माझं भाषण ठेवलंय. मला न विचारता. पत्रिका छापून झाली: 'अणुभट्टीची चालिका, आपल्या अकोल्याची लेक'. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. आजही सांगितलं नाही. तब्येतीचं निमित्त करावं का? पण मग ते पहिल्या गाडीने इथे येतील, थर्मामीटर घेऊन.

१४ एप्रिल, अकोला

सकाळपासून निळे झेंडे, ढोल, रस्त्यावर ताकाचे आणि सरबताचे स्टॉल, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. विहारात मंडप, पंखे, पुढे बायका आणि मुली. बाबांनी ओळख करून दिली. चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, माईक हातात आला की सोडत नाही. माझे बारावीचे मार्कसुद्धा सांगितले.

मी बोलले. सोपं करून. वीज कशी होते, सळ्या काय करतात.

मागच्या रांगेतली एक बाई उठली. हातात लेकरू. "ताई, गाडीचा ब्रेक नाई लागला तं आपन गाडी कशालेतरी ठोकतो. तुमचा ब्रेक नाई लागला तं कोनाले ठोकता?"

सगळे हसले. मीही हसले. मग सांगितलं की म्हणूनच दोन ब्रेक असतात, एकमेकांशी संबंध नसलेले. पहिला लागला नाही अशी नुसती शंका आली तरी दुसरा दाबायचा. विचार करत बसायचं नाही.

"अन् पयला लागला अशीन तं? दुसरा फुकट गेला न मंग?"

"गेला तर गेला," मी म्हटलं. "त्यासाठी कोणी रागावत नाही."

टाळ्या. शाल, पुस्तक, फोटो. इतक्या लोकांसमोर, आजच्या दिवशी, त्या जागी, इतकं सरळ खोटं बोलले. शाल अजून घडी करून बाजूला ठेवली आहे, उघडावीशी वाटत नाही.

१५ एप्रिल, अकोला

सकाळी चहाच्या वेळी बाबांना सांगून टाकलं. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला, सगळं ऐकलं. मधे एकदाच विचारलं, "दिवे कोनते कोनते?" मी कप उलटे ठेवून दाखवले.

मग म्हणाले, "तुया जागी दुसरं कोनी असतं न वैशू, तं हे प्रकरन एका मिटिंगमधी चहाबिस्किटावर मिटलं असतं."

"बाबा, दिव्याचा प्रश्न आहे हा."

"दिव्याचा असन. पन चौकशी मानसाची होऊन राहिली."

असेलही. पहिल्या तोंडी परीक्षेत मी नापास झाले तेव्हा कँटीनमध्ये कोण काय म्हणालं ते मला ठाऊक आहे. पण याही वेळी तेच आहे का, हे खात्रीने सांगणारी सोय कुठल्याच पॅनलवर नसते. त्यामुळे शंका तेवढी आपण वागवायची, जन्मभर. मी त्यांना एवढंच म्हटलं की मला माहीत नाही.

वाटलं होतं आता म्हणतील, झुकू नको. तसं शिकवलंय त्यांनी. तर म्हणाले, "म्हून टाक. घाई झाली म्हनून म्हून टाक. खुर्ची सोडू नको. तुयानंतर त्या खुर्चीवर आपलं कोनी बसन का नाई, मले मालूम नाई."

"आणि खोटं?"

"मी साऱ्या नोकरीत किती खोट्यायवर सह्या केल्या, तुले काय सांगू? तवा तू शिकली."

असं ते कधी बोलले नव्हते. पेपर उचलला आणि उलटा धरून वाचत बसले. मी भांडी घासायला घेतली.

दुपारच्या बसने परत. मूर्तिजापूरला गाडी थांबली, कोणीतरी ओळखलं. "काल तुमीच बोलल्या न?" हो म्हटलं.

२१ एप्रिल, अमरावती

सुनीलशी भांडण. कूलरच्या आवाजात भांडताना ओरडावं लागतं, त्यामुळे साधं बोलणंही भांडण वाटतं. पण हे भांडणच होतं.

त्याने चौकशी केली आहे. लायसन्स गेलं तर मला नागपूरच्या ऑफिसात टाकण्याची शक्यता आहे. "शनिवार-रविवार घरी. सईचं अकरावी-बारावी तुझ्यासमोर होईल. वाईट काय आहे त्यात?"

"म्हणजे मी घाई झाली म्हणू नये असं तुझं म्हणणं?"

"माझं काही म्हणणं नाही. तू बरोबर होतीस, बरोबरच राहा."

किती सोयीचा पाठिंबा. माझ्या बाजूने उभा आहे, कारण मी हरले तर घरी येईन. बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "हो, येशील. मी पंधरा वर्षं वाट पाहतोय, एवढंही वाटू नये का मला?" त्याचंही खरं आहे, हेच तर चीड आणणारं आहे. सई दार उघडून म्हणाली, "आवाज कमी करा, शेजारी गळती समजतील." आणि दार लावून घेतलं. म्हणजे पोरीला सगळं माहीत आहे.

२८ एप्रिल

कुरडया. पहाटेच चीक शिजवायला घेतला. घोटायचं काम माझ्याकडे, कारण "तुयात जोर हाय, अन् सध्या तुले कामही नाई." गच्चीवर ऊन चढायच्या आत घालून झाल्या पाहिजेत.

सासूबाई सोऱ्या फिरवता फिरवता, वर न बघता, "खरं सांग. काढून टाकलं का तुले?"

सांगितलं सगळं. बाबांना सांगायला लागला त्यापेक्षा कमी वेळ लागला.

"म्हंजे वास आला म्हून तू गॅस बंद केला. अन् मंग समजलं का गॅस लीक नोयता."

"हो."

"मंग काय चुकलं? मी तं रोज बंद करतो."

इतकं बरं वाटलं. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत कोणी हे म्हटलं नव्हतं. पुढची कुरडई घालून म्हणाल्या, "तरी पन सॉरी म्हून टाक. बाईमानसाले सॉरीचं काय लागते? मी तं तुया सासऱ्याले न करता केलेल्या गोष्टीयचं बी म्हनत होतो. घर चालते त्यानं."

रिऍक्टरही चालतो त्यानेच, असं दिसतंय. चीक हातावर उडाला, भाजलं थोडं.

४ मे

पाठक सरांचा फोन. आज आवाज धुतलेला नव्हता. बराच वेळ इकडचं तिकडचं: अमरावतीत किती तापलंय, सईचा निकाल कधी. मग म्हणाले, "सिम्युलेटरवर होतो परवा. दरवेळची उजळणी."

सिम्युलेटर म्हणजे हुबेहूब आमची कंट्रोल रूम, फक्त पलीकडे रिऍक्टर नसतो, संगणक असतो. शिक्षक बाहेर बसून बिघाड देतो, आम्ही आत सोडवायचे.

"त्याने ट्रिप दिला. काही दिवे लागले नाहीत. ते आपले दोन त्यात होते. मला वाटलं, हा तुझ्या प्रकरणावरून मुद्दाम तेच देतोय. पुन्हा खोटे दिवे देऊन बघतोय, कोण घाई करतं. पॅनलवरची मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, थांब."

"मग?"

"पॉवरचा आकडा उतरत गेला. मग मध्येच अडला. वैशाली, पाच दिवे बंद होते. खरंच अडकवल्या होत्या त्याने सळ्या. मी मोजलेच नाहीत. ते दोन दिसले आणि मोजायचं थांबलो."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"तो आत आला, म्हणाला, चहा घेऊ. चहानंतर पुन्हा घेतलं, तेव्हा बरोबर केलं. पास."

"सर, हे समितीला सांगाल?"

पलीकडे त्यांच्या घरचा कुकर ऐकू येत होता. मग म्हणाले, "माझी थोडी वर्षं राहिली आहेत. नीट बाहेर पडू दे. तुला सांगितलं, कारण तुला सांगावंसं वाटलं."

आणि ठेवता ठेवता, "तू म्हणणार आहेस ना? घाई झाली म्हणून?"

फोन ठेवल्यावर मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली संत्र्याचा ट्रक वळत होता, वळता वळत नव्हता, माणसं ओरडत होती. ट्रक वळेपर्यंत तिथेच होते.

५ मे

कालचं डोक्यातून जात नाही.

इतके दिवस वाटत होतं, हा माझ्या खुर्चीचा प्रश्न आहे. घाई झाली म्हटलं तर परत मिळेल, नाही म्हटलं तर जाईल. माझं मी बघेन. पण मला घरी बसवल्याचं तिथे सगळ्यांनी पाहिलंय. त्यांना कोणी काही शिकवलं नाही, कागदावर एक अक्षर बदललं नाही. तरी सगळे शिकले: थांबायचं. पाठक सरांसारखा माणूस थांबला, मग कालची आलेली मुलं काय करतील? ती मुलगी पॅनलवर होती, तिचा हात बटणापाशी गेला असणार. मागे वळून बघितलं तिने. मी वळून बघितलं नव्हतं, एवढाच काय तो माझा गुन्हा.

उद्या मी 'घाई झाली' म्हटलं तर ती मुलगी जन्मात कधी ते बटण दाबणार नाही.

राग कोणावर काढू ते कळत नाही. भाजी जास्त तिखट झाली. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली.

९ मे

समितीचा मेल. सुनावणी व्हिडिओवर होणार, 'प्रवासाची तसदी घेऊ नये'. मला समोर बसवायचीही गरज वाटत नाही. साक्षीदार: श्री. पाठक. खाली नियमाचं वाक्य: संबंधित कर्मचाऱ्यास साक्षीदाराला प्रश्न विचारता येतील.

म्हणजे मी विचारू शकते. 'सर, सिम्युलेटरवर तुम्ही काय केलंत?' एक प्रश्न. त्याचं खरं उत्तर आलं तर मी सुटले, आणि ते गेले.

११ मे

सुनील म्हणतो, "विचार की! त्यांनी तुझी पर्वा केली का?"

केली होती. तेच तर आहे. त्या तोंडी परीक्षेत नापास झाले तेव्हा कँटीनमध्ये एकजण हसत म्हणाला, "कोट्यातली आहे, होईल हळूहळू." पाठक सरांनी ताट सरकवून भर कँटीनमध्ये त्याला झापलं. मग दर रविवारी मला घरी बोलावलं. मॅडम पोहे करायच्या आणि सर जेवायच्या टेबलावर चमचे मांडून सळ्या शिकवायचे. लायसन्स मिळालं तेव्हा माझ्या बाबांच्या आधी त्यांना फोन केला होता मी. तो माणूस विश्वासाने काहीतरी सांगतो, आणि मी ते चारचौघांत त्याच्या तोंडावर फेकायचं?

आणि नाही विचारलं तर? सुनील म्हणाला, "बरं, नको विचारू." ताबडतोब. इतक्या लवकर कबूल झाला की मला नागपूर दिसलं त्याच्या डोळ्यांत. असं वाटणंही वाईट आहे, पण वाटलं.

बाबांना फोन केला. त्यांचं एकच. "खुर्ची."

१२ मे

पाठक सरांना फोन लावला. मी विचारणार आहे हे आधी सांगून टाकावं, मागून वार नको. उचलला नाही. दुपारी पुन्हा. उचलला नाही. मेसेज केला: 'सर, बोलायचं आहे.' दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. त्यांना कळलं असावं.

१३ मे

आतल्या खोलीत बसले, कूलर बंद करून. घामाने पाठ भिजली. भिंतीवर सईचे फोटो, ते कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून खुर्ची सरकवली. पडद्यावर समितीचे तीन जण. एका चौकोनात पाठक सर, चष्मा खाली घसरलेला.

अध्यक्ष सभ्य होते. फार सभ्य. इंग्रजीत विचारत होते, मी उत्तरं देत होते.

दोन दिवे सदोष असल्याची माहिती तुम्हाला होती का? होती. पॉवर उतरत होती, हे दिसत होतं का? दिसत होतं. तरीही? तरीही. कारण उतरते आहे ती पुरेशी उतरेल का, हे बघत थांबायचं नाही, असं पद्धतीत लिहिलं आहे. तुम्हाला मागे वळून पाहता आलं नाही का, की वरिष्ठ काही सांगत आहेत? ऐकू आलं होतं. ते म्हणाले थांब.

मग तो प्रश्न. आज, सगळं माहीत असताना, पुन्हा तेच तीन दिवे लागले नाहीत तर काय कराल? मला कळलं, दार उघडून धरलंय. इथे फक्त म्हणायचं होतं. बाबा आठवले, उलटा धरलेला पेपर.

"सोडीन," म्हटलं. मराठीतच निघालं तोंडातून. मग इंग्रजीत सांगितलं.

एकाने काहीतरी लिहिलं. अध्यक्षांनी विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचं आहे?

मला ती पॅनलवरची मुलगी आठवली, तिचं नावही मी सरांना विचारलेलं नाही. आणि मी विचारलं. नीट, हळू, एकेक शब्द. सिम्युलेटरवरच्या उजळणीत पहिल्या वेळी किती दिवे बंद होते, आणि आपण काय आदेश दिलात?

पाठक सरांनी चष्मा वर केला. माझ्याकडे पाहिलं की पडद्याकडे, ते कळायला मार्ग नाही. म्हणाले, "आय डू नॉट रिकॉल."

मला आठवत नाही. ज्यांनी चमच्यांवर सळ्या शिकवल्या त्यांना आठवत नाही. मी त्यांना उघडं पाडलं, त्यांनी मला खोटं पाडलं. आता दोघांकडे काही शिल्लक नाही. रडू येईल वाटलं होतं. आलं नाही.

अध्यक्ष म्हणाले, हा मुद्दा नोंदवायचा की नाही ते समिती ठरवेल. सिम्युलेटरची नोंद मागवतील का? तसं काही म्हणाले नाहीत. मग विचारलं, आणखी काही?

"ते दोन दिवे दुरुस्त झाले का?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पडद्यावर एकमेकांकडे पाहणं म्हणजे तिघं तीन दिशांना बघतात. अध्यक्ष म्हणाले, तो या चौकशीचा विषय नाही.

लिंक बंद झाली. बाहेर आले तर सुनील, सासूबाई, सई, तिघंही दारापाशीच. सासूबाईंनी विचारलं, "म्हनली का मंग सॉरी?" नाही म्हटलं. त्यांनी पदराने माझं तोंड पुसलं आणि पुढे काही विचारलं नाही.

निर्णय कळवतील. किती दिवसांत ते सांगितलं नाही. रिऍक्टर पुन्हा पूर्ण ताकदीवर आहे आणि आज दुपारपाळीला पाठक सर आहेत.